डेम्लो संख्या: गंमत की गणित?

१२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या म्हणजे नऊ वेळा १ लिहून होणाऱ्या संख्येचा, १११११११११ चा, वर्ग. देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी अशा संख्यांना ‘डेम्लो’ म्हटले. ज्या रेल्वे स्थानकावर त्यांना ही कल्पना सुचली, त्याचेच ते नाव.

‘हा दशमान लेखनाचा खेळ, गणित नव्हे,’ असे इथे कोल्हापुरात एका निवृत्त प्राध्यापकांनी मला सुनावले. माझ्याकडे गणिताची पदवी नाही. त्यामुळे आक्षेप स्वतः तपासणे भाग होते.

त्यात तथ्य आहे. दहा एकांचा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ येतो. मधली उभी बेरीज दहा होते, हातचा येतो आणि डौल मोडतो. पण गुणाकार मांडून पाहा: प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते, म्हणून उभ्या बेरजा चढतात नि उतरतात. अष्टमान पद्धतीत सात एकांचा वर्ग १२३४५६७६५४३२१ असाच लिहिला जातो. म्हणजे नियम दहाचा नाही, स्थानमूल्याचा आहे.

शिवाय आपल्या मूळ संख्येच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने तिला निःशेष भाग जातो. भागाकार १२३४५६७९ चा वर्ग. अशा संख्यांचे ‘हर्षद’ हे नावही कापरेकरांचेच. अष्टमानातही तेच: बेरीज एकोणपन्नास, आणि एकोणपन्नासने भाग जातो.

कापरेकरांना ‘छांदिष्ट मास्तर’ म्हणून कौतुकाने बाजूला सारणे मला म्हणूनच पटत नाही. गमतीमागचे कारण शोधले की तिचे गणित होते. ते शोधण्याआधीच तिला क्षुल्लक ठरवणे ही टीका नव्हे, आळस आहे.