चौकटीबाहेरचे परचुरेशास्त्री

सेवाग्रामचे ते छायाचित्र वाचक बंधुभगिनींनी पाहिले असेल : महात्मा गांधी वाकून कुष्ठपीडित परचुरेशास्त्रींच्या अंगाला मालीश करीत आहेत. गरिबांच्या सेवेवरील प्रवचनात आम्ही त्याचा आधार अनेकदा घेतला. आज त्याविषयी थोडी टीका करावीशी वाटते. ती प्रथम आमच्यावरच आहे.

छायाचित्राचे सामर्थ्य निर्विवाद. ज्या देहाचा लोक विटाळ मानीत, त्याला येथे हात लागला आहे. परंतु पाहणाऱ्याची दृष्टी त्या हातांवरच खिळते आणि शास्त्रीबुवा केवळ सेवेचा विषय उरतात. वस्तुतः ते संस्कृतचे व्यासंगी पंडित, येरवड्याच्या कारागृहातील गांधीजींचे सहबंदी. १९३९ साली आश्रयास आलेल्या या रुग्णाने आश्रमात संस्कृत शिकवले, विवाहाचे पौरोहित्यही केले. जे हात टाळले जात, त्यांनीच वधूवरांना आशीर्वाद दिला! आमच्या मते सेवेचे खरे चित्र हेच. प्रसिद्ध मात्र दुसरे झाले.

आणखी एक उणीव. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी १९३६ पासून कुष्ठसेवा आरंभिली. शास्त्रीबुवांचे अखेरचे दिवसही तेथेच गेले. ती नित्याची शुश्रूषा प्रवचनात येत नाही. मोलोकाई बेटावरील संत डेमियन यांची १८७३ ते १८८९ ही सोळा वर्षेही आपण एखाद्या प्रसंगात आटोपतो.

आमच्या धर्मग्रामात नाताळला ब्लँकेटवाटप होते, तेव्हा छायाचित्र निघते. ब्लँकेट घेणाऱ्यांपैकी कोणाला मिस्सेत वाचन करण्यास आम्ही अद्याप बोलावलेले नाही.