फ्रूमचा नाणेनिधी : थरांची साक्ष आणि तिच्या मर्यादा

इंग्लंडातील सॉमरसेट परगण्यात, फ्रूमजवळच्या एका शेतात, एप्रिल २०१० मध्ये एका हौशी शोधकास धातुशोधक यंत्राच्या साहाय्याने रोमन नाण्यांनी भरलेला रांजण सापडला. नाणी ५२,५०३, वजन सुमारे १६० किलोग्रॅम. या आकड्यांचे कौतुक पुष्कळ झाले. अभ्यासकाच्या दृष्टीने मात्र शोधकाने वेळीच हात आवरला, ही गोष्ट अधिक मोलाची होय. रांजणाची मान दृष्टीस पडताच त्याने खड्डा बुजविला व पुरातत्त्वज्ञांस वर्दी दिली. त्यांनी नाणी जागेवरच दहा थरांत, प्रत्येक थर निराळा राखून, बाहेर काढली.

या सावधगिरीचे फळ असे : निधीतील नाणी इ. स. २५३ ते सुमारे २९० या काळातील आहेत. ब्रिटनमध्ये स्वतंत्र सत्ता स्थापणाऱ्या कॅरॉशियसची नाणी त्यांत सर्वांत अलीकडची. ती साडेसातशेहून अधिक भरतात. रांजण वर्षानुवर्षे शिल्लक टाकून भरला असता, तर ही नाणी वर असावयास हवी होती. परंतु त्यांपैकी बहुसंख्य नाणी रांजणाच्या खालच्या अर्ध्या भागात निघाली. अर्थात रांजण बहुधा एकाच वेळी भरला गेला. नाणी पोत्यात ओतून आणली असती, तर हा निष्कर्ष कोणासही काढता आला नसता.

मूरहेडप्रभृती नाणकशास्त्रज्ञ याही पुढे जातात. पातळ घडणीचा हा रांजण भरल्यावर उचलणे शक्य नव्हते; सबब तो परत काढण्याचा हेतू नसावा व ती देवतेस अर्पण केलेली ठेव असावी, असा त्यांचा तर्क आहे. येथे आमचे पाऊल अडखळते. रांजण उचलता न आला, तरी त्यातील नाणी ओंजळीने काढावयास काय अडचण होती? थरांवरून भरण्याची रीत कळते, भरणाऱ्याचे मन कळत नाही. संकटकाळी घाईने पुरलेल्या धनाचे थरही असेच दिसतील.

शिवाय फ्रूमचे उदाहरण अपवादात्मक आहे. शेतात मिळणारी बहुतेक नाणी नांगरटीच्या मातीत असतात. तेथे थर उरलेला नसतो. नेमकी जागा टिपून ठेवली, तर आडवा विस्तार तेवढा कळतो. १९९६ च्या इंग्लिश निधी-कायद्यानुसार हलक्या धातूची किमान दहा नाणी एकत्र मिळाल्यासच त्यांस निधी मानतात. सुट्या नाण्याची नोंद १९९७ पासूनच्या नोंदणी-योजनेत होते, परंतु ती सर्वस्वी ऐच्छिक. बक्षिसाची रीतही विचारात घ्यावी. फ्रूमच्या निधीसाठी ३,२०,२५० पौंड देण्यात आले; ही किंमत बाजारभावाने ठरते, आणि त्या बाजारात थरांच्या टिपणांस भाव नाही.

या नोंदींवरून नाण्यांच्या प्रसाराचे नकाशे काढणाऱ्या विद्यार्थ्यांनी एक पथ्य पाळावे. नकाशावर रिकामी दिसणारी जागा म्हणजे रोमनांनी टाळलेली जागा, असे नव्हे. तेथे रान असेल, कुरण असेल, अथवा जमीनमालकाने यंत्रवाल्यांस बांधावरूनच परत धाडले असेल.