नाव सासरचे, ओळख माहेरची

जुन्या संगणकाच्या कॅबिनेटचे दोन स्क्रू काढून बाजूचा पत्रा सरकवला, की आधी धूळ दिसते आणि मग, नजर जरा सरावली की, मदरबोर्डच्या कडेला ओळीने मांडलेले स्लॉट. आपण घाई न करता पाहूया. तो काळा, लांबलचक आयएसए. त्याचे घराणे १९८१ च्या आयबीएम पीसीपर्यंत मागे जाते. शेजारी हस्तिदंती रंगाचे, आटोपशीर बांध्याचे पीसीआय, १९९२ पासूनचे. आणि प्रोसेसरच्या बाजूला, मागच्या पट्टीपासून किंचित आत सरून बसलेला तपकिरी एजीपी, केवळ चित्रासाठी राखलेला.

माझा जीव जडला आहे तो पीसीआयवर. आयएसएच्या काळात साउंड कार्ड बसवायचे म्हणजे पत्ता २२०, आयआरक्यू ५, डीएमए १ हे सगळे आपणच ठरवायचे, चिमुकले जंपर नखाने उचलून जागा बदलायच्या, आणि तरीही दोन कार्डांचे भांडण लागले तर ते आपणच सोडवायचे. पीसीआयने हा भार उतरवला. प्रत्येक कार्डाच्या पोटात २५६ बाइटांची एक छोटी वही असते. तिच्या पहिल्या चार बाइटांत कार्ड स्वतःची ओळख सांगते: दोन बाइट कर्त्याचे, दोन वस्तूचे. इंटेलने स्वतःसाठी घेतलेला क्रमांक आहे ८०८६, म्हणजे १९७८ च्या आपल्याच प्रोसेसरचे नाव. वंशाचा अभिमान आकड्यात असा सहज गुंफलेला मला फार आवडतो. आणि रिकाम्या स्लॉटला साद घातली, तर उत्तरात सगळे एकच एक येतात. मौनालाही तिथे ठरलेले रूप आहे.

आता आवाज हरवलेल्या यंत्राकडे वळू. विंडोज नव्याने टाकले, ड्रायव्हरची सीडी केव्हाच गहाळ झालेली, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या प्रश्नचिन्हाखाली तीन शब्द: मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर. ही ओळ आपण चिडून वाचतो, पण ती किती नेमकी आहे! समोर नादाचे काहीतरी आहे, हे यंत्राने ओळखले आहे, कारण कार्डाच्या वहीत आपला वर्गही लिहिलेला असतो. अडले आहे ते एवढेच, की त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलायचे हे सांगणारा दुभाष्या जवळ नाही. ड्रायव्हर म्हणजे तो दुभाष्या.

माझ्या टेबलावरच्या अशाच एका यंत्रात क्रिएटिव्हचे सीटी-४८१० कार्ड होते, साउंड ब्लास्टर घराण्यातले. प्रश्नचिन्हावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या, डिटेल्समध्ये गेलो, आणि त्या लांब ओळीतले दोन आकडे वेचले: व्हेंडर १२७४, डिव्हाइस १३७१. क्षणभर वाटले, चुकले काहीतरी. क्रिएटिव्हचा क्रमांक तर ११०२! पण १२७४ हा एन्सोनिक या अमेरिकी कंपनीचा. १९८२ साली कमोडोरमधून बाहेर पडलेल्या अभियंत्यांनी ती काढली. त्यांतले बॉब यानेस म्हणजे कमोडोर ६४ च्या सिड या ध्वनिचिपचे शिल्पकार. सिंथेसायझर घडवणारे हे घर १९९८ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्हने विकत घेतले. कार्डावर नाव सासरचे छापले गेले, पण सिलिकॉनच्या आत माहेरची ओळख तशीच राहिली, आणि विचारताक्षणी तिने तीच सांगितली.

म्हणून वरच्या छापील नावावर विसंबून ड्रायव्हर धुंडाळू नका. हे आठ आकडे शोधा. मी ते शोधले, ईएस१३७१ चा ड्रायव्हर सापडला, यंत्र पुन्हा सुरू केले आणि हिरव्या जॅकला जोडलेल्या स्पीकरमधून आधी एक बारीकशी टक् आली, तिच्यामागून विंडोजची सुरावट. त्या टक्‌मध्ये जी जाग होती, ती मला सुरावटीहून गोड वाटली.

आजच्या मदरबोर्डवर पीसीआय क्वचितच दिसतो. त्याची जागा पीसीआय एक्स्प्रेसने घेतली आहे, आणि ध्वनीची चिप बहुधा बोर्डावरच असते. पण कार्डाने आपली ओळख आपणच सांगण्याची रीत तशीच चालू आहे. इतकेच नव्हे, व्हीएमवेअरच्या आभासी संगणकात, जिथे ना स्लॉट आहे ना तांबे, तिथेही ध्वनियंत्र म्हणून अनेकदा हेच कार्ड भासवले जाते, आणि नाव विचारले की ते सांगते: १२७४, १३७१.