गाळाला चेहरा नसतो

फ्रँक शेट्झिंगच्या 'डेअर श्वार्म' (2004) या जर्मन कादंबरीत किडे समुद्रतळाचा मिथेन-बर्फ पोखरतात, नॉर्वेजवळचा उतार कोसळतो, त्सुनामी येते. प्रसंग थरारक आहे. कारणमीमांसा मात्र सोपी. तिथली खरी दरड, स्टोरेग्गा, सुमारे 8,150 वर्षांपूर्वी कोसळली. अभ्यासक मुख्य दोष देतात तो हिमयुगात भराभर साचलेल्या गाळाला. भूकंप हे बहुधा निमित्त. सर्व्हर पडला की आम्ही अभियंते शेवटचा बदल शोधतो, वर्षानुवर्षे साठलेला भार नाही. कादंबरीही तेच करते.

आमच्या मंगरूळपीरकडची माती पैनगंगा, प्राणहिता, गोदावरीतून बंगालच्या उपसागरात जाते. तिथल्या गाळातही 2006 मध्ये असाच बर्फ सापडला. त्या उतारांची गोष्ट लिहायची तर खलनायक शोधून भागणार नाही. दर पावसाळ्यात साचणाऱ्या गाळाचा हिशेब ठेवणारा लेखक लागेल.