‘एस्तार’ आणि ‘-लेला आहे’ : एका रूढ समीकरणाची परीक्षा

स्पॅनिश भाषेत ‘असणे’ या अर्थाचे दोन धातू आहेत, ‘सेर’ आणि ‘एस्तार’. सेर कायमच्या गोष्टींसाठी व एस्तार तात्पुरत्यांसाठी, अशी त्यांची वाटणी विद्यार्थ्यांस सांगितली जाते. भूतकालवाचक धातुसाधितापाशी ती कोसळते. मेलेल्या माणसाविषयी स्पॅनिश भाषिक ‘एस्ता मुएर्तो’ असे एस्तार योजूनच म्हणतो. आणि मरण काही तात्पुरते नव्हे! खरा भेद व्यापार व परिणाम यांतला आहे. ‘ला पुएर्ता फुए आबिएर्ता’ यात सेर आहे, अर्थ दार उघडले गेले. ‘ला पुएर्ता एस्ता आबिएर्ता’ यात एस्तार आहे, आणि केवळ परिणाम समोर आहे.

मराठीत ‘असणे’ एकच. म्हणून सेरसाठी ‘उघडले गेले’ आणि एस्तारसाठी ‘उघडलेले आहे’ असे समीकरण मांडले जाते. आम्हांस ते अर्धेच खरे वाटते.

खारदांड्याच्या कोळीवाड्यात बांबूंवर टांगलेल्या बोंबलांचे उदाहरण घेऊ. (हा किनारा ज्या साष्टीत येतो तेथे १७३७-३९ च्या मोहिमेपर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता, आणि त्यांच्या भाषेतही हेच दोन धातू आहेत.) बोंबील सुकवले जातात, बोंबील सुकवलेले आहेत, बोंबील सुके आहेत. पहिले वाक्य उघडच सेरचे. एस्तारचे कोणते? दुसऱ्या वाक्यात ‘हे आईने कालच सुकवलेले आहेत’ असे खुशाल म्हणता येते. कर्ता राहतो, काळही राहतो. एस्तारच्या वाक्यात ‘आईने’ आणि ‘काल’ घातले की ते अडखळते, व सेरकडे किंवा सरळ कर्तरी रचनेकडे वळावे लागते. सैनिकांनी वेढलेल्या घराचे वाक्य मात्र चालते, कारण तेथे कर्ताच परिणाम टिकवून धरतो. एरवी ‘-लेला’ घडल्या व्यापाराची आठवण बाळगतो, एस्तार ती बव्हंशी सोडून देतो. वाळल्या मासळीस स्पॅनिशमध्ये ‘एस्ता सेको’ म्हणतात. ‘सेकादो’ हे नियमित धातुसाधित बाजूस ठेवून विशेषण घेतात. ते आपले ‘सुके’च होय.

‘एस्ता एस्क्रीतो’ला ‘लिहिलेले आहे’ हेच योग्य, कारण तेथे मराठीजवळ निराळे विशेषण नाही. जेथे ते आहे, तेथे ‘-लेला’ अर्थात भर घालतो. कथेतील माणूस रात्री घरी परततो आणि अनुवादक लिहितो, ‘दार उघडलेले होते’. मराठी वाचक लगेच विचारतो, कोणी उघडले? मुळात दार नुसते उघडे होते.