नामश्लेषाचे व्याकरण : वाशिंद परिसरातील नामसाम्याचे प्रश्न

वाशिंदपासून मुरबाडपर्यंतच्या प्रदेशातील गावे, नद्या व जलाशय यांची नावे घेऊन नामसाम्यावर आधारलेले प्रश्न रचणे अवघड नाही. शाळेची स्नेहसंमेलने, गणेशोत्सवातील प्रश्नमंजूषा व वर्तमानपत्रांतील कोडी यांतून या जातीचे प्रश्न नित्य विचारले जातात, आणि केवळ शब्दांचा खेळ म्हणून त्यांची बोळवणही तितक्याच सहजतेने होते. परंतु असा एक प्रश्न जमतो व दुसरा फसतो, हे का घडते, याचा विचार भाषेच्या अभ्यासकानेच करावयास हवा. कारण या यशापयशाचे मूळ बहुधा रचणाऱ्याच्या कल्पकतेत नसून मराठीच्या व्याकरणात असते.

कोड्यांना शास्त्रात स्थान नव्हते असे नाही. दण्डीने 'काव्यादर्शा'च्या तिसऱ्या परिच्छेदात प्रहेलिकेचे सोळा प्रकार दिले असून तिचे उपयोगही सांगितले आहेत : गोष्ठीतील विनोद, गर्दीत जाणकारांचे गुप्त बोलणे आणि दुसऱ्यास संभ्रमात पाडणे. यांतील मधला उपयोग पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरेल.

मुरबाड-शहापूर भागातून वाहणाऱ्या एका नदीचे नाव शाई आहे. 'कोणती शाई दौतीत मावत नाही?' हा प्रश्न निर्दोष म्हणावा लागेल. लेखनाची शाई स्त्रीलिंगी, नदीही स्त्रीलिंगी. 'कोणती' हे विशेषण दोहींना सारखेच लागू पडते. शिवाय देवनागरीत विशेषनामाला वेगळे मोठे अक्षर नाही. इंग्रजीतील कूटकारास नेमकी हीच अडचण पडते. विशेषनामाचे मोठे आद्याक्षर लपविण्यासाठी त्याला तो शब्द वाक्याच्या आरंभी नेऊन ठेवावा लागतो. मराठीत लिपीच रहस्य राखते. (लेखनाची शाई फारसी 'सियाही'पासून, म्हणजे काळेपणाच्या वाचक शब्दापासून आली. शेजारून वाहणाऱ्या नदीचे नाव काळू असावे, हा योगायोग कोणा प्रश्नकाराने अद्याप वापरलेला दिसत नाही.)

मात्र लिपी जे झाकते ते लिंग उघड करते. काळू हे पुरुषाचेही नाव आहे. 'काळू सह्याद्रीतून निघाली' असे म्हणताच ती नदी ठरते, 'निघाला' म्हणताच व्याकरण खोटे पडते. वर्तमानकाळातही 'जातो' व 'जाते' यांनी हाच घात होतो. प्रश्नकाराला येथे एकच आडवाट उरते, ती भविष्यकाळाची. 'जाईल', 'भेटेल', 'भेटतील' या रूपांना लिंगभेद नाही. म्हणून 'काळू आणि उल्हास कल्याणच्या परिसरात भेटतील. हे दोघे कोण?' हा प्रश्न जवळजवळ साधतो. जवळजवळ एवढ्यासाठी, की 'दोघे' या एका शब्दाने तो अप्रामाणिक होतो. तेथे 'ही नावे कोणाची?' असे हवे. विभक्तीही अशीच चहाडी करते. 'उल्हासाला' म्हटले की आनंद, 'उल्हासला' म्हटले की माणूस. आजच्या मराठीत व्यक्तिनामाचे सामान्यरूप बहुधा होत नाही, सामान्यनामाचे होते. चतुर प्रश्नकार म्हणून नाव प्रथमेतच ठेवतो. इंग्रजीवरून उतरविलेल्या प्रश्नसंग्रहांत ही दक्षता नसते, कारण मूळ भाषेला तिची गरजच नव्हती. अशा संग्रहांतील पुष्कळ प्रश्न उत्तर हातात घेऊनच वाचकासमोर येतात.

सभंग श्लेषाची स्थिती याच्या उलट आहे. मुरबाड तालुक्यातील सरळगाव येथून किन्हवलीकडे फाटा जातो. 'कोणत्या सरळ गावी रस्ता वळतो?' हे कानाला गोड लागते. छापताना मात्र 'सरळ' आणि 'गाव' यांमधील मोकळी जागा सत्यापलाप करते, आणि ती न सोडल्यास उत्तरच छापले जाते. अभंग श्लेष कागदावर टिकतो, सभंग श्लेष सभेतच. आसनगावचेही तसेच. आसनगावहून सुटणाऱ्या लोकलला पुढचेच स्थानक वाशिंद. तेथे चढणाऱ्याला 'आसन गावातच राहिले' हे वाक्य समजावून सांगावे लागत नाही. कल्याणच्या पुढे राहणाऱ्याला ते समजावून सांगावे लागते, आणि मग त्यात काही उरत नाही. दण्डीने सांगितलेला गर्दीतील गुप्त संवाद तो हाच.

केवळ एकाच नावाची अनेक गावे शोधणे ही याहून हलकी करामत होय. शहापूर ठाणे जिल्ह्यात आहे, बेळगावात आहे, यादगीर जिल्ह्यातही आहे. पण तिन्ही ठिकाणी नावाचा अर्थ एकच असल्याने मनाला उडी घ्यावी लागत नाही, नकाशा पाठ असला की पुरे. माहुलीचा प्रश्न किंचित बरा. रामशास्त्री प्रभुणे यांचे माहुली साताऱ्याजवळचे. १६३६ साली शहाजीराजांना वेढा पडला ती माहुली आसनगावच्या डोक्यावरची. येथे दोन इतिहास एका नावावर येऊन भिडतात.

या सर्वांत उत्कृष्ट प्रश्न मोदकाचा आहे. 'कोणता मोदक गणपतीला वाहत नाहीत, पण मुंबईकर पितात?' वैतरणेवरील १९५७ साली पूर्ण झालेल्या जलाशयाला अभियंता एन. व्ही. मोदक यांचे नाव मिळाले. पक्वान्न पुल्लिंगी, सागर पुल्लिंगी, ज्यांचे आडनाव तेही पुरुष. 'कोणता' कोठेच खोटा पडत नाही. 'वाहणे' या क्रियापदातील देवाला वाहणे व पाण्याचे वाहणे हा दुसरा श्लेष तर न मागता पदरात पडतो. व्याकरणाच्या कसोटीवर यात बोट ठेवण्यास जागा नाही.

परंतु प्रश्नाचा अर्थ व्याकरणाने संपत नाही. तानसाचे पाणी १८९२पासून मुंबईस जाते, पुढे वैतरणेचे गेले, भातसेचेही गेले. आणि याच जलाशयांच्या शहापूर तालुक्यात अनेक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. दादरच्या सभागृहात 'मुंबईकर पितात' या शब्दांवर हशा येतो तो मोदक उलगडल्याचा. वाशिंदच्या पुढे तेच वाक्य विचारले असता कोडे 'मोदक' या शब्दावर राहत नाही, 'मुंबईकर' या शब्दावर सरकते. आणि ऐकणाऱ्याला उत्तर प्रश्नाआधीच ठाऊक असते.