१६.६ सेकंद आणि एक स्टेंट : ऑर्बिटा पेपर कसा वाचायचा

पेट किंवा नेट-सेटची तयारी करणाऱ्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, टाइप टू एररची व्याख्या धडाधड सांगेल. फरक खरोखर असूनही तो आपल्या अभ्यासात न सापडणं. बरोबर. पण हीच व्यक्ती एखाद्या पेपरमध्ये 'पी-व्हॅल्यू ०.२०' वाचते आणि लगेच वहीत लिहून ठेवते : 'परिणाम नाही'. व्याख्या एका कप्प्यात, वाचन दुसऱ्याच कप्प्यात. आज जो पेपर घेतोय तो या सवयीवर नेमकं बोट ठेवतो. शिवाय विषय असा आहे की तुमच्या घरात नाही तर शेजारी, कुणाच्या तरी छातीत तो बसवलेला असेल.

पेपर म्हणजे 'ऑर्बिटा' ट्रायल. लॅन्सेटमध्ये नोव्हेंबर २०१७ मध्ये आली. प्रमुख लेखिका रशा अल-लामी, ज्येष्ठ लेखक डॅरेल फ्रान्सिस, दोघं लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचे. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना तुम्ही माझ्याशी भांडू शकाल. या ट्रायलचा आराखडा कौतुकास्पद आहे, आणि तिचं निष्कर्षाचं वाक्य तिच्याच आकड्यांपेक्षा जास्त बोलतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्या अरुंद झाल्या, की जिना चढताना, भरभर चालताना छातीत दाटून येतं आणि थांबलं की बरं वाटतं. याला स्थिर अँजायना म्हणतात. हार्ट अटॅक वेगळा. त्यात धमनी अचानक बंद पडते आणि स्नायू मरायला लागतो, तिथे तातडीची अँजिओप्लास्टी जीव वाचवते. आपल्याकडे 'अँजिओ केली, ब्लॉकेज निघालं, दोन स्टेंट टाकले' या एका वाक्यात दोन्ही प्रकार मिसळून जातात. ऑर्बिटा फक्त पहिल्या प्रकाराबद्दल आहे. ही ओळ विसरून पेपर वाचलात, तर पुढचं सगळं वाचन चुकणार. आणि 'स्टेंट म्हणजे नुसता धंदा' अशा छापाचे जे मेसेज फिरतात, त्यांतले बहुतेक हीच ओळ विसरलेले असतात.

कोरोनरी धमनीची पहिली अँजिओप्लास्टी आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी झुरिकमध्ये सप्टेंबर १९७७ मध्ये केली. तेव्हापासून स्थिर अँजायनासाठी जगभर अशा असंख्य प्रक्रिया झाल्या. २००७ मध्ये 'करेज' ट्रायलने २२८७ रुग्णांमध्ये दाखवलं, की चांगल्या औषधोपचारावर असलेल्या स्थिर रुग्णांमध्ये अँजिओप्लास्टीने मृत्यू किंवा हार्ट अटॅक कमी होत नाहीत. मग ती करायची कशासाठी? उत्तर तयार होतं : दुखणं कमी होतं म्हणून. रुग्ण स्वतःच तसं सांगतात.

आता इथे थांबून स्वतःला विचारा, 'रुग्ण सांगतात' हा कसला पुरावा झाला? ज्याला ठाऊक आहे की आपल्या हृदयात तार घालून अडथळा मोकळा केलाय, त्याने 'आता बरं वाटतंय' म्हणणं. त्यात स्टेंटचा वाटा किती आणि 'आपल्यावर काहीतरी मोठं केलं गेलं' या भावनेचा किती?

हा प्रश्न नवा नव्हता. १९५० च्या दशकात अँजायनासाठी छातीतली इंटर्नल मॅमरी धमनी बांधून टाकण्याची शस्त्रक्रिया चालायची. कल्पना अशी, की तिकडचं रक्त हृदयाकडे वळेल. रुग्ण खूश असायचे. १९५९ मध्ये लेनर्ड कॉब आणि सहकाऱ्यांनी १७ रुग्ण घेतले. सगळ्यांच्या छातीवर छेद दिला, पण धमनी फक्त ८ जणांची बांधली. सुधारणा दोन्ही गटांत सारखीच दिसली. पुढच्याच वर्षी डायमंड यांच्या १८ रुग्णांच्या अभ्यासात तेच झालं आणि ती शस्त्रक्रिया गुंडाळली गेली. (त्या रुग्णांना खोट्या छेदाची कल्पना दिलेली नव्हती. आज कुठलीही एथिक्स कमिटी हे मंजूर करणार नाही.) म्हणजे हृदयरोगशास्त्राला हा धडा १९६० मध्येच मिळाला होता. अँजिओप्लास्टीला तो लावायला १९७७ नंतर ४० वर्षं लागली, याचं मला अजूनही नवल वाटतं.

ऑर्बिटाने ते केलं. ब्रिटनमधली ५ रुग्णालयं, एकाच धमनीत किमान ७० टक्के अरुंदपणा असलेले रुग्ण. २३० जणांची नोंद झाली. आधी सहा आठवडे फक्त औषधं बसवली, डॉक्टर फोनवरून सतत पाठपुरावा करत होते. मग २०० जणांची चिठ्ठी पडली : १०५ जणांना स्टेंट, ९५ जणांना प्लासिबो, म्हणजे खोटी प्रक्रिया. सगळ्यांना तशी शक्यता आधी सांगून लेखी संमती घेतलेली. सगळ्यांना गुंगीचं औषध आणि कानांवर संगीत लावलेले हेडफोन, आतलं बोलणं ऐकू येऊ नये म्हणून. प्लासिबो गटातल्यांनाही टेबलावर किमान १५ मिनिटं ठेवलं. नंतर वॉर्डात जे कर्मचारी रुग्ण सांभाळणार, त्यांनाही कुणाला काय झालं ते माहीत नाही. 'डबल ब्लाइंड' हे दोन शब्द सिनॉप्सिसमध्ये टाकायला आपल्याला अर्धा सेकंद लागतो. ते प्रत्यक्षात आणायला काय काय करावं लागतं हे बघायचं असेल, तर या पेपरचा पद्धतीचा भाग दोनदा वाचा.

सहा आठवड्यांनी पुन्हा ट्रेडमिल. मुख्य मोजमाप एकच : चालण्याचा वेळ किती वाढला? स्टेंट गटात सरासरी २८.४ सेकंद, प्लासिबो गटात ११.८ सेकंद. फरक १६.६ सेकंद, पी-व्हॅल्यू ०.२०. पेपरचा निष्कर्ष थोडक्यात असा, की अँजिओप्लास्टीने व्यायामाचा वेळ प्लासिबोपेक्षा जास्त वाढला नाही. जगभरच्या बातम्यांनी यातला 'व्यायामाचा वेळ' गाळला आणि 'स्टेंटचा उपयोग नाही' एवढंच ठेवलं.

पण पी-व्हॅल्यूच्या शेजारचा कंस कुणी वाचला? ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल उणे ८.९ ते अधिक ४२.० सेकंद. खरा फरक या पट्ट्यात कुठेही असला, तरी हा डेटा त्याच्याशी फारसा विसंगत नाही. आता पेपरच्या पद्धतीच्या भागात परत जा. रुग्णसंख्या ठरवताना संशोधकांनी स्वतःच म्हटलंय, की ३० सेकंदांचा फरक शोधण्याइतकी ताकद हवी. ३० हा आकडा उणे ८.९ आणि ४२ यांच्या मध्ये येतो की नाही? येतो. म्हणजे जो फरक शोधण्याजोगा आहे असं त्यांनीच ठरवलं, तो ही ट्रायल नाकारू शकत नाही. मग 'वाढला नाही' असं कसं म्हणायचं? 'वाढला की नाही हे या २०० जणांवरून ठरत नाही' इतकंच म्हणता येतं. वाक्य कंटाळवाणं आहे, मथळ्यात बसत नाही, पण आकडे एवढंच सांगतात.

यातली दुसरी गोष्ट जास्त शिकण्यासारखी आहे. सुरुवातीच्या ट्रेडमिल चाचणीत स्टेंट गट सरासरी ५२८ सेकंद चालला आणि प्लासिबो गट ४९०. चिठ्ठ्या टाकूनच गट पाडलेले, त्यामुळे हा ३८ सेकंदांचा फरक निव्वळ योगायोगाचा. पण गंमत बघा, ज्या परिणामाचा शोध चाललाय त्यापेक्षा सुरुवातीचा योगायोगच मोठा! आणि जो गट योगायोगाने खाली सुरू होतो, तो दुसऱ्या मोजणीत सरासरीकडे थोडा वर सरकतो. म्हणजे प्लासिबो गटाला काही सेकंद फुकट मिळण्याची शक्यता आहे. नुसती 'नंतर वजा आधी' अशी वजाबाकी केली, की हे फुकटचे सेकंदही हिशेबात येतात. सुरुवातीचा वेळ मॉडेलमध्ये घेतला, म्हणजे ज्याला आपण अँकोव्हा म्हणतो ते वापरलं, तर हा भाग वेगळा काढता येतो. अँड्र्यू गेलमन, जॉन कार्लिन आणि ब्रह्माजी नल्लमोथू यांनी २०१९ मध्ये हाच मुद्दा मांडला. त्यांच्या हिशेबात फरक २१ सेकंदांच्या आसपास आला आणि पी-व्हॅल्यू ०.०९ च्या जवळ.

लगेच 'मग स्टेंट जिंकला' म्हणू नका. ०.०९ हाही काही कौल नाही. आणि ऑर्बिटाच्या गटाने वेळेतल्या वाढीची तुलना आधीच जाहीर केली होती. निकाल बघून पद्धत बदलणं हे जास्त मोठं पाप झालं असतं. माझी तक्रार विश्लेषण बदललं नाही याबद्दल नाही. आराखडा बनवतानाच अँकोव्हा लिहायला हवं होतं, ही आहे. तेवढ्याच रुग्णांत जास्त अचूक उत्तर मिळालं असतं. तुमच्याही सिनॉप्सिसमध्ये 'आधी-नंतर'ची तुलना असेल, तर गाईडला भेटण्याआधी हे तपासा.

हृदयरोगतज्ज्ञांनी ऑर्बिटावर केलेल्या सगळ्याच टीका मला पटत नाहीत. एक लोकप्रिय टीका अशी : २९ टक्के रुग्णांमध्ये धमनीच्या आतल्या दाबाचं मोजमाप, एफएफआर, ०.८० च्या वर होतं. म्हणजे अडथळा दिसायला मोठा, पण रक्तप्रवाह फारसा अडत नव्हता. 'अशांना स्टेंटचा फायदा होणारच नव्हता, ते घेतलेच कशाला?' पण प्रत्यक्षात अशाच रुग्णांना स्टेंट बसत होते ना? चित्रात अडथळा दिसतो म्हणून उपचार करायचा, आणि ट्रायलमध्ये तेच रुग्ण आले की म्हणायचं, हे खरे रुग्ण नव्हेत! ही टीका ट्रायलपेक्षा व्यवहारावरच जास्त लागू पडते.

मला खरी अडचण वाटते ती मोजमापाच्या निवडीची. रुग्णाची तक्रार काय? छातीत दुखतं. मोजलं काय? ट्रेडमिलवर किती वेळ चालला. चालण्याचा वेळ गुडघ्यांवर, श्वासावर, सवयीवर, त्या दिवशीच्या मूडवरही ठरतो. शिवाय या रुग्णांना आधीच सरासरी तीनच्या आसपास अँजायनाची औषधं चालू होती, त्यामुळे सुधारायला जागाच कमी. याच ट्रायलच्या २०१८ मधल्या दुय्यम विश्लेषणात वेगळंच दिसलं : अँजायनातून पूर्ण मुक्त झालेले रुग्ण स्टेंट गटात ४९.५ टक्के, प्लासिबो गटात ३१.५ टक्के. ताणाखालच्या इकोमध्ये हृदयाच्या भिंतीची हालचालही स्टेंट गटात स्पष्टपणे सुधारली होती. दुय्यम विश्लेषणावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये हे खरंच. पण त्याच गटाने त्यातून नवा प्रश्न काढला, आणि मला या लोकांचं सगळ्यात जास्त कौतुक इथे वाटतं.

ऑर्बिटा-२ नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आली. १४ केंद्रं, ३०१ रुग्ण, पुन्हा प्लासिबो. बदल दोन. अँजायनाची औषधं बंद केली, आणि मुख्य मोजमाप म्हणून रुग्णाने रोज नोंदवलेली लक्षणं घेतली. रुग्णही असे, ज्यांच्यात रक्तपुरवठा कमी पडतोय हे चाचणीत दिसलं होतं. १२ आठवड्यांनी अँजायनाचा सरासरी गुणांक स्टेंट गटात २.९, प्लासिबो गटात ५.६ (जास्त गुण म्हणजे जास्त त्रास). ट्रेडमिलवर फरक ५९.५ सेकंदांचा. या वेळी परिणाम स्पष्ट.

मग पहिली ट्रायल खोटी ठरली? नाही. दोघींचे प्रश्न वेगळे होते. पहिलीचा प्रश्न : भरपूर औषधांवर असलेल्या माणसाला स्टेंटने वर आणखी काय मिळतं? दुसरीचा : औषधांशिवाय स्टेंट एकटा काय करतो? आणि दुसऱ्या ट्रायलमध्येही स्टेंटनंतर अँजायना पूर्ण थांबली ती साधारण १०० पैकी ४० जणांचीच. प्लासिबोमध्ये १५ जणांची. 'पाईपमधला कचरा काढला की पाणी धो धो वाहणार' हे प्लंबरचं चित्र या ४० ला समजावून देऊ शकत नाही. अडथळा काढूनही १०० पैकी ६० जणांना काही ना काही त्रास राहतोच, तो कुठून येतो? सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून, की दुखणं मुळात त्या अडथळ्याचं नव्हतंच? विषय शोधत असाल तर इथे बरीच जागा आहे.

आपल्याकडे २०१७ हेच वर्ष आणखी एका कारणाने लक्षात आहे. फेब्रुवारीत केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली : साधा धातूचा ७,२६० रुपये, औषध लावलेला २९,६०० रुपये. चर्चा सगळी किमतीची झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण 'हा स्टेंट कितीला' याच्या आधी 'हा स्टेंट कशासाठी : जीव वाचवायला, की दुखणं कमी करायला' हे विचारणारे नातेवाईक मला क्वचितच भेटले. स्थिर अँजायनाच्या रुग्णाला हा प्रश्न डॉक्टरांना शांतपणे विचारायला वेळ असतो. (स्टेंट आधीच बसलेला असेल, तर हा लेख वाचून कुणीही रक्त पातळ करणारी गोळी बंद करू नये. त्याने स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते.)

एक गोष्ट राहिली. पहिल्या ऑर्बिटात प्लासिबो गटातल्या ४ जणांना दाब मोजायच्या तारेमुळे इजा झाली आणि त्यांना खरी अँजिओप्लास्टी करावी लागली. ही माहिती सारांशातच आहे, लपवलेली नाही, तरी वर्गात चर्चा होते तेव्हा तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. पेपर उघडाल तेव्हा पी-व्हॅल्यूच्या आधी ही ओळ वाचा. मग कागदावर तीन आकडे लिहा, ३०, उणे ८.९ आणि ४२, आणि निष्कर्षाचं वाक्य स्वतःच्या मराठीत पुन्हा लिहून बघा. तुमचं वाक्य खाली टाका. पुढच्या पोस्टमध्ये त्यांतली काही घेऊन त्यांच्यावर बोलू.